आधी परतीची वाट

आगीवर पोचल्यावर पहिलं काम पाणी मारायचं नसतं. लोकांना हे पटत नाही. बंब गल्लीत शिरतो, आम्ही उतरतो आणि अधिकारी मान वर करून इमारतीकडं बघत उभा राहतो, तेव्हा गर्दीतून हमखास आवाज येतो, "अहो बघताय काय, पाणी मारा!" त्याच्या मागोमाग दोन शिव्या. उभ्या नोकरीत या शिव्या मी इतक्या ऐकल्या की एखाद्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, त्या नाही आल्या तर चुकल्यासारखं व्हायचं. पण त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात अधिकारी जे बघत असतो, त्यावर पुढच्या तासाभरात कोण जगणार हे ठरतं. धूर कुठल्या मजल्यावरून येतोय, कुठल्या रंगाचा, किती जोरात. जिने किती आणि ते कुठं उघडतात. जाळीमागं कुणाचा हात हलताना दिसतो का. भिंतीला फुगवटा आलाय का. आणि सगळ्यात शेवटी, मी माझी चार माणसं या दारातून आत घातली तर ती कुठल्या वाटेनं बाहेर येतील.

माझे पहिले स्टेशन ऑफिसर कोकणातले, मोजकं बोलणारे. वर्दीवरून परत आलं की चहा घेताना ते नव्या पोरांपैकी एकाला धरायचे. "आत कसा गेलास ते सांगू नकोस, ते सगळ्यांनी बघितलंय. बाहेर कसा येणार होतास ते सांग." पोरगा अडखळला की त्याला स्टेशनच्या आवारात ड्रिल टॉवरपाशी नेऊन सगळं पुन्हा करायला लावायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. मागून आम्ही त्यांना नावं ठेवायचो. त्यांच्या हाताखालची बहुतेक पोरं आज पेन्शन घेतायत, याहून मोठं प्रशस्तिपत्र या नोकरीत मिळत नाही.

हे लिहितोय ते दलात नव्यानं भरती होणाऱ्यांसाठी, आणि तितकंच चाळीत, फ्लॅटमध्ये, गाळ्यात राहणाऱ्या-राबणाऱ्यांसाठी. आगीत दोघंही बहुतेक वेळा एकाच कारणानं मरतात. परतायची वाट बंद होते, आणि ती बंद होतेय हे त्यांना कळलेलं नसतं.

माणूस जाळाला घाबरतो, धुराला घाबरत नाही. खरं तर आगीतली बहुतेक माणसं जाळ अंगापर्यंत पोचायच्या आधीच धुरानं गेलेली असतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. त्यामुळं माणसाला गुदमरल्यासारखं वाटायच्या आधीच त्याचे पाय जड होतात आणि डोकं चालेनासं होतं. आम्हाला कितीतरी माणसं दारापासून हाताच्या अंतरावर सापडली आहेत. कडी कुठं आहे हे त्यांना माहीत होतं, स्वतःच्याच घराची कडी होती ती. पण कडी काढायची असते हे त्या क्षणी सुचलं नव्हतं.

एक पहाट सांगतो. एका औद्योगिक वसाहतीतला कापडाचा गाळा. शटर बंद, जाळ कुठंच नाही. शटरच्या खालच्या फटीतून पिवळट तपकिरी धूर बाहेर यायचा आणि थोड्या वेळानं तोच आत ओढला जायचा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. वरच्या झडपेची काच आतून तेलकट काळी पडलेली. मालक रडकुंडीला येऊन म्हणत होता, "साहेब, शटर तोडा, माल जातोय." आमच्यातला एक नवा पोरगा पहार घेऊन पुढं धावला. लीडिंग फायरमननं त्याची कॉलर धरून त्याला अक्षरशः मागं ओढलं.

आत आग होती, पण हवा संपल्यामुळं ती दबून बसली होती. जळायला माल होता, उष्णता होती, आणि तो कोंडलेला धूर हेसुद्धा इंधनच होतं. कमी होती फक्त हवेची. शटर वर गेलं असतं तर ती एका दमात मिळाली असती, आणि समोर उभा असलेला माणूस रस्त्याच्या पलीकडं जाऊन पडला असता. बॅकड्राफ्ट म्हणतात तो हाच. आम्ही शिडी लावून छपराचा पत्रा कापला. पत्रा सुटल्याबरोबर वर जो धूर उसळला आणि हवेत गेल्यावर त्यानं जसा पेट घेतला, ते बघून मालक गप्प झाला. मग शटर गुडघाभर उचललं, तेही बाजूला उभं राहून, आणि जमिनीवर बसून पाणी मारलं. माल बराच गेला. माणूस एकही नाही.

घरात याचा उपयोग असा, की आगीची शंका आली की दार उघडण्याआधी त्याला हाताचा मागचा भाग लावून बघा. दार गरम लागलं, फटीतून धूर येत असला, तर उघडू नका. आणि उघड्या खोलीत आग लागली असेल तर तिथं रेंगाळू नका. फोमचा सोफा, गाद्या, पडदे असलेली आजची बैठकीची खोली पहिल्या ज्योतीपासून तीन ते पाच मिनिटांत अशा स्थितीला येते की छताजवळची हवा सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेटते. पूर्वीच्या लाकडी खुर्च्या आणि सतरंज्यांच्या खोलीला याहून बराच जास्त वेळ लागायचा. म्हातारी माणसं "आमच्या वेळी आम्ही घोंगडं टाकून विझवायचो" म्हणतात ते खोटं नसतं, पण त्यांच्या वेळचं घर आता राहिलेलं नाही.

आता दलातल्या पोरांसाठी थोडं. आमच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, पेपरात काहीही छापून येवो. साधी, दाबून भरलेली हवा असते. सहा लिटरचा सिलिंडर तीनशे बारला भरला की अठराशे लिटर हवा होते. कागदावर हा पाऊण तास. पण तो कागद शांत श्वास घेणाऱ्या माणसासाठी आहे. जाड कोट, हेल्मेट, गमबूट, खांद्यावर हौजची गुंडाळी, असं आठ मजले चढलेल्या माणसाचा पाऊण तास वीस-पंचवीस मिनिटांवर येतो, आणि तो घाबरला तर त्याहून खाली. म्हणून दाबाचा काटा बघत राहायचा. आत पोचायला ऐंशी बार लागले तर परतायलाही ऐंशी लागणार, आणि शेवटचे पन्नास-पंचावन्न, हवा संपत आल्याचं सांगणाऱ्या शिट्टीचे. काटा दीडशेला आला की हातातलं काम अर्धवट सोडून वळायचं. शिट्टी वाजली म्हणजे निघायची वेळ झाली असं पुष्कळ जण धरून चालतात. ते चूक आहे. शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर, उजेडात उभे असायला हवं.

एका बाजारपेठेच्या तळघरात आमची जोडी आत होती. धूर इतका की मास्कच्या काचेला चिकटवलेला हात दिसेना. अशा वेळी हौज हीच वाट. ती हातात असली की डोळे मिटूनही बाहेर येता येतं. दोन नळ्यांच्या जोडावर कपलिंग चाचपलं तरी बंब कुठल्या बाजूला ते कळतं. पुढच्याला डावीकडून ठोकल्यासारखा आवाज आला. कोणीतरी अडकलंय असं वाटून त्यानं हौज सोडली आणि तो तिकडं गेला. दोनच पावलं. परत फिरला तेव्हा हौज गायब. खोक्यांच्या राशीत तो गोल फिरत राहिला.

मागच्यानं जे केलं ते मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. तो त्याला शोधायला गेला नाही. एक पाय हौजवर घट्ट ठेवून खाली बसला, वायरलेसवर बाहेर कळवलं, टॉर्च जमिनीलगत धरला आणि पान्यानं कपलिंगवर एका ठेक्यात ठोकत राहिला. हरवलेला गडी त्या आवाजाच्या रोखानं रांगत आला. दोघंही हरवले असते तर आम्हाला आत आणखी चौघं घालावी लागली असती. ठोकल्याचा तो पहिला आवाज, नंतर कळलं, उष्णतेनं फुटणाऱ्या ट्यूबलाइटचा होता.

काळ्या तोंडाबद्दलही बोलायला हवं. आमच्या पिढीत चेहऱ्याला काजळी फासून बाहेर येणं मर्दानगीचं होतं. आग विझली की मास्क काढून कुलिंग करत, म्हणजे तापलेली जागा पाण्यानं थंड करत बसायचं, त्याच कोटावर जेवायचं, तोच कोट बंबाच्या केबिनमध्ये भिरकवायचा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशामकाचं काम माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. विझलेली, वाफाळणारी राख सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि नेमकी तेव्हाच मास्क उतरलेले असतात. पोरांनो, कुलिंगच्या वेळीही मास्क लावा. स्टेशनला आल्यावर आधी अंघोळ, मग चहा.

इमारत पडणार हे कसं ओळखायचं, असं मला फार विचारतात. प्रामाणिक उत्तर असं की नेहमी ओळखता येत नाही, म्हणूनच अंतर ठेवावं लागतं. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती म्हणजे सागवानी खांब-तुळया, मध्ये कुठंतरी नंतर घातलेले लोखंडी गर्डर, वर पोटमाळे, आणि त्यावर तीन पिढ्यांचा माल. जाड सागवान बाहेरून कोळसा होत जातं आणि आतला गाभा बराच वेळ तग धरतो. पडण्याआधी ते करकरतं, वाकतं. लोखंड न जळताच दगा देतं. साडेपाचशे अंशांच्या आसपास उघड्या गर्डरची साधारण निम्मी ताकद गेलेली असते. शिवाय तापून तो लांबतो आणि ज्या भिंतीवर टेकलाय तिलाच बाहेर ढकलतो.

त्यात आमचं पाणी. एक साधी ब्रँच, म्हणजे हौजच्या टोकाचं तोंड, मिनिटाला साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी टाकते. तीन ब्रँच तासभर चालल्या की ऐंशी टन. त्यातलं पुष्कळ जिन्यावरून वाहून जातं हे खरं, पण मजल्यावर कापडाच्या गाठी असतील तर त्या ते पिऊन बसतात. आधीच जळालेल्या तुळईवर हा बोजा आपणच चढवत असतो. म्हणून जिन्यावरून पाणी जितकं आत गेलं तितकं बाहेर येतंय का, याच्यावर एका माणसाचं लक्ष हवंच. पाणी येईनासं झालं, भिंतीच्या भेगेतून धूर निघू लागला, दारं चौकटीत अडकू लागली, पायाखालची फरशी मऊ लागली, की आतल्यांना बाहेर बोलवायचं. आणि बाहेरच्यांनीही इमारतीच्या उंचीच्या दीडपट लांब जायचं. अरुंद गल्लीत तेवढी जागाच नसते. मग इमारतीच्या समोर उभं न राहता कोपऱ्याला उभं राहायचं.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढलं गेलं होतं. काम चालू असतानाच इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलानं चार अधिकारी गमावले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतले एक. भाजलेल्या अवस्थेत झुंज देऊन ते दोन आठवड्यांनी गेले. ज्यांनी मुंबईतल्या असंख्य आगी बघितल्या होत्या अशी ही माणसं होती. अनुभव असला की इमारत आपल्याला सांभाळून घेते असं नाही, एवढं तरी प्रत्येक नव्या अधिकाऱ्यानं यातून घ्यावं. रिकाम्या इमारतीसाठी, विमा उतरवलेल्या मालासाठी कुणालाही आत पाठवू नका. मालक ओरडेल, नगरसेवक फोन करेल. करू दे.

याच्याही मागं जायचं तर १४ एप्रिल १९४४. देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात तो या दिवसामुळं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. नऊशे टनांहून जास्त पाणी आत ओतलं तरी आग नेमकी कुठं आहे हे सापडेना. जहाज जागेवर बुडवायचं की ओढून खोल समुद्रात न्यायचं, यावर खल होत राहिला, ठाम निर्णय कुणा एकाचा झाला नाही. जहाज सोडायचा हुकूम निघाला तीन पन्नासला. पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, दुसरा चार चौतीसला. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण.

लहानपणापासून ही गोष्ट आपण शौर्याची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण नोकरीत मुरल्यावर मला तिच्यातले दोन तास छळायला लागले. आत काय आहे हे माहीत असलेली माणसं गोदीत होती, आणि मागं फिरण्याचा निर्णय घेणारं एक तोंड नव्हतं. आजही वर्दीवर पोचल्यावर आम्ही पहिल्या माणसाला विचारतो ते हेच, आत काय आहे? दुकानदार म्हणतो, "काही नाही साहेब, थोडा माल." मग पोटमाळ्यावरून थिनरचे डबे फुटायला लागतात. तुमच्या गाळ्यात चोरून ठेवलेले जास्तीचे सिलिंडर असतील तर त्या वेळी तरी सांगून टाका. दंडाचं नंतर बघता येईल.

आता घराकडं. मुंबईच्या जुन्या आणि मधल्या काळातल्या इमारतींत विजेच्या मीटरची केबिन जिन्याखाली असते. याहून वाईट जागा कुणी ठरवून शोधली असती तरी सापडली नसती. रात्री तिथं वायर तापते, आवरण जळतं, आणि सगळा धूर जिन्यातून वर चढतो, कारण त्याला जायला तीच एक वाट आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी ओरडतं, दारं उघडतात आणि माणसं खाली पळतात. सरळ धुराच्या तोंडात.

अशाच एका वर्दीवर पहिल्या माळ्याच्या वळणावर आम्हाला तिघं बेशुद्ध सापडली. दुसऱ्या माळ्यावर, त्यांच्याच शेजारच्या घरात, एक आजी होत्या, चालता न येणाऱ्या. त्यांना सोडून कसं जायचं म्हणून सून थांबली. तिनं दार लावून घेतलं, चादर ओली करून दाराच्या खालच्या फटीत कोंबली, रस्त्याकडची खिडकी उघडली आणि मोबाइलचा दिवा हलवत उभी राहिली. शिडीवरून आमचा माणूस पोचला तेव्हा ती त्याला म्हणाली, "दादा, आधी आईंना घ्या." त्या घरात धूर आला होता तो मच्छरांच्या उदबत्तीइतका. साध्या लाकडी दारानं अर्धा तास तिघांचे जीव राखले, तिचा, आजींचा आणि पाळण्यातल्या बाळाचा.

तर हिशेब असा. आग तुमच्याच घरात असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि जाताना दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. आग दुसरीकडं असेल आणि जिन्यात धूर असेल तर घरातच राहा. दार बंद, फटी ओल्या कपड्यानं बुजवलेल्या, माणसं खिडकीशी, आणि १०१ वर आपला मजला सांगायचा. जिन्यात धूर नसेल तरच जिना. लिफ्ट नाही, कारण तिचा बोगदा धूर ओढतो आणि वीज गेली की तुम्ही त्याच्या मधोमध लटकता. धुरातून जावंच लागलं तर रांगत, भिंतीला हात लावून. जमिनीपासून हातभर उंचीवर श्वास घेण्याजोगी हवा सर्वांत शेवटपर्यंत टिकते. गच्चीवर पळण्याचा मोह होतो, पण धूरही तिकडंच निघालेला असतो आणि अर्ध्या सोसायट्यांत गच्चीच्या दाराला कुलूप असतं. टॉवरमध्ये राहत असाल तर रेफ्यूज मजला, म्हणजे आगीत आसरा घ्यायचा मजला, कुठं आहे ते आजच बघून या. तिथं सोसायटीच्या जुन्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर ठेवलेलं आढळेल, ते हलवायला लावा.

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावातल्या एका पुनर्वसन इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथं कपड्यांचे ढीग ठेवलेले होते. सात माणसं गेली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये १४ जण गेले, त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. पाणी आहे, फरशा आहेत, म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. पण तिला दुसरं दार नसतं. हॉटेलात, सिनेमाला, लग्नाच्या हॉलमध्ये गेल्यावर बसण्याआधी दुसरं दार कुठं आहे ते बघायची मला सवय आहे. बायको हसते. आता नातवंडंही बघतात.

खिडकीच्या जाळ्यांबद्दल काय बोलावं? चोरासाठी आपण आपल्याला कोंडून घेतो. जाळी हवीच असेल तर तिला माणूस निघेल एवढी झडप ठेवा आणि किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवा, कपाटात नको. एकदा बाहेर पडलेला माणूस परत जाऊ देऊ नका, हे तर शेजाऱ्यांनीच बघायचं. एका चाळीत एक गृहस्थ बायकामुलांना घेऊन सुखरूप खाली आले होते. मग त्यांना खोलीची पागडीची कागदपत्रं आठवली. कुणाचं लक्ष नव्हतं. आम्हाला ते दारापासून चार हातांवर सापडले, पत्र्याची पेटी छातीशी धरलेले. कागद शाबूत होते.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करा आणि ताट झाका, कढई उचलू नका. पाणी तर मुळीच नको. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पटींच्या घरात फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. खिडक्या-दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा, घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर छताशी जातो, जिथं एक्झॉस्ट फॅन असतो. वास घालवायला म्हणून तो फॅन लावणारी माणसं आम्ही भाजलेल्या अवस्थेत उचलली आहेत. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत लागली असेल आणि हात पोचत असेल तर ओल्या गोणपाटानं झाकून रेग्युलेटर बंद करता येतो. पण सिलिंडर आडवा पडला असेल किंवा दुसऱ्या आगीत सापडून त्याच्या अंगावर जाळ येत असेल, तर तो फुटू शकतो. तिथून पळा, आणि शेजाऱ्यांनाही पळवा.

भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप काही नको. चिकटलेला कपडा ओढू नका.

ई-स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा दाराशी लावून झोपू नका. ती पेटली की विषारी वायू सोडते, विझली असं वाटल्यावर तासांनी पुन्हा पेटते, आणि दाराशी असेल तर तुमची एकुलती वाट अडवून पेटते. चार्जिंग जागेपणी, उघड्यावर, कंपनीच्याच चार्जरनं. भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत संपतं. कचऱ्याच्या पेटीएवढ्या आगीला ते पुरतं, त्यापुढं नाही. वापरायचंच तर दाराकडं पाठ करून वापरा, म्हणजे ते संपलं तर तुम्ही बाहेर असाल.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणं इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म बी म्हणतात, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. ही संस्था इमारतीत न येताच सही करते आणि सोसायटीची समितीही तेवढ्यावर खूश असते, असं मी पुष्कळ ठिकाणी बघितलं. वरच्या माळ्यावरचा हायड्रंट उघडतो, तर आतून पाण्याऐवजी झुरळं. पुढच्या वेळी ते लोक येतील तेव्हा एक हौज जोडून गच्चीवर पाणी काढून दाखवा म्हणावं. निघालं तर सही.

आणि १०१ लावलात तर आधी जवळची खूण सांगा, मग पत्ता, मग मजला, आणि आत कुणी अडकलंय का ते. पलीकडचा माणूस विचारून संपेपर्यंत फोन ठेवू नका. तो बोलत असतानाच बंब निघालेला असतो. तोवर कुणातरी एकाला नाक्यावर उभं करा आणि गल्लीतल्या गाड्या काढायला लावा.